रोजकीर्द लिहिणाऱ्या हाताने टेस्टिंग का शिकायचं?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची, आता सनीव्हेलला असते. वय ४२. शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. साताऱ्यात एका पतसंस्थेत ७ वर्षं हिशेब सांभाळले, टॅली चांगलं येतं. तीन वर्षांपूर्वी मुलांना घेऊन कॅलिफोर्नियात आले. यांचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, माझा त्यावर अवलंबून असलेला एच-४. गेल्या महिन्यात माझं ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, हातात पडलं आणि घरात एकदम सगळ्यांना माझ्या करिअरची आठवण झाली. ओळखीच्या एका बाईंनी एक कन्सल्टन्सी सुचवली आहे. १,८०० डॉलर, आठ आठवडे ऑनलाइन सॉफ्टवेअर टेस्टिंगचं ट्रेनिंग, नोकरीची गॅरंटी. रेझ्युमेमध्ये इथल्या कंपनीचा पाच वर्षांचा अनुभव ते 'बसवून देतात'. यांना ते पटलंय. मला घराजवळच्या डी अँझा कॉलेजात जावंसं वाटतं, पण यांच्या मते ज्यांना कुठेच ॲडमिशन मिळत नाही ते कम्युनिटी कॉलेजात जातात. मुलगी दहावीत, मुलगा तिसरीत. इंग्रजी समजतं, बोलताना अडखळते. काय करू? आणि हसू नका, पण त्या एकोणीस वर्षांच्या पोरांमध्ये मी काकू दिसेन ना?

— एक सातारकर

प्रिय सातारकर,

काकूंचा प्रश्न शेवटी घेते. आधी त्या 'बसवून देण्या'चं बघू, कारण तुमचं पत्र वाचताना मी तिथेच थांबले आणि चहा गार झाला.

पाच वर्षांचा इथला अनुभव. तुम्हाला इथे येऊन तीन वर्षं झाली. म्हणजे त्यातली दोन वर्षं तर तुम्ही साताऱ्यात पतसंस्थेच्या काउंटरमागे होतात. उरलेली तीन वर्षं तुम्ही एच-४ वर, ईएडीशिवाय होतात. कामाची परवानगीच नव्हती. मग त्या काळात अमेरिकेतल्या कंपनीत काम केलं, असं स्वतःच्या नावाच्या कागदावर लिहायचं म्हणजे काय? एक तर ते खोटं आहे, किंवा खरं धरलं तर तुम्ही बेकायदा नोकरी केलीत. दोन्हीपैकी काहीही निवडा, उद्या ग्रीन कार्डच्या फॉर्मवर मागच्या पाच वर्षांच्या नोकऱ्या लिहायची वेळ येईल तेव्हा हा कागद घरात साप सोडल्यासारखा फिरत असेल. आणि तुमच्या यजमानांचं ग्रीन कार्ड आणि तुमचं एकाच दोरीला बांधलेलं आहे. हे त्यांना जेवताना शांतपणे विचारा. मला खात्री आहे, त्यांनी याचा असा विचार केलेला नाही. आपल्याकडे 'सगळेच करतात' हे फार मोठं प्रमाणपत्र मानलं जातं.

गॅरंटीबद्दल अजून एक. कॅलिफोर्नियात खाजगी व्यावसायिक शिक्षणसंस्थांवर देखरेख करणारं एक सरकारी खातं आहे, ब्यूरो फॉर प्रायव्हेट पोस्टसेकंडरी एज्युकेशन. त्याच्या कायद्यात अशा संस्थांनी नोकरीची हमी देणं हेच निषिद्ध आहे. म्हणजे ज्या वाक्याला भुलून आपण पैसे भरतो, ते वाक्यच धोक्याची घंटा असायला हवं. मान्यता आहे का, हे त्या खात्याच्या यादीत दोन मिनिटांत बघता येतं.

हे मी मोठेपणाने सांगत नाहीये. मी स्वतः ३९व्या वर्षी एका खाजगी संस्थेत मेडिकल बिलिंगच्या कोर्सला पैसे भरले होते. छान ऑफिस, भिंतीवर हसऱ्या मुलींचे फोटो. सहा महिन्यांनी हातात एक जाड कागदाचं सर्टिफिकेट आलं. नंतर कॉलेजात गेले तेव्हा समुपदेशक बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि अगदी सभ्यपणे परत दिलं. त्याचं एकही युनिट, म्हणजे पदवीसाठी मोजायचं अभ्यासाचं माप, धरलं गेलं नाही. ते सर्टिफिकेट पुढे कितीतरी दिवस मी पोळपाटाखाली ठेवत होते, डगमगू नये म्हणून.

आता कम्युनिटी कॉलेज. यजमानांचा समज चुकीचा आहे, पण कुठून आला ते मला कळतं. आपल्या डोक्यात कॉलेज म्हणजे कट-ऑफ. जिथे कुणालाही प्रवेश मिळतो ते वाईट, असं आपलं साधं गणित. इथे कुणालाही प्रवेश देणं हा त्या संस्थेचा हेतूच आहे. इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ मध्ये असं पहिलं सरकारी दोन वर्षांचं कॉलेज निघालं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशी कॉलेजं देशभर, लोकांच्या घराजवळ हवीत असं सांगितलं, आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव तेव्हापासून रुळलं. एकट्या कॅलिफोर्नियात आज ११६ आहेत. नाशिकचं मुक्त विद्यापीठ, गावची आयटीआय आणि शहरातलं संध्याकाळचं कॉलेज एकाच आवारात आणून बसवलं तर जे होईल, साधारण ते. तिथे नर्स तयार होतात, गाड्यांचे मेकॅनिक तयार होतात, आणि दोन वर्षं स्वस्तात शिकून तिसऱ्या वर्षी बर्कली विद्यापीठात जाणारी मुलंही तिथलीच. तुमची दहावीतली कन्या हायस्कूलमध्ये असतानाच तिथले वर्ग घेऊ शकते. तिच्या मैत्रिणी कदाचित घेतही असतील. तिला विचारा, मग यजमानांचं मत तीच बदलेल.

पैशांचं सांगते, कारण हे कुणी नीट सांगत नाही. डी अँझामध्ये कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटला ३१ डॉलर पडतात. अकाउंटिंगचा पहिला वर्ग पाच युनिटचा, म्हणजे १५५ डॉलर, वर थोडी किरकोळ फी. रहिवासी नसाल तर हाच आकडा कितीतरी पटींनी वाढतो. इथे आपल्या बायका घाबरून मागे फिरतात, कारण त्यांना वाटतं की व्हिसावर आहोत म्हणजे आपण 'परदेशी विद्यार्थी'. तसं नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावाल्यांना रहिवासी धरत नाहीत, पण एच-४ वर असताना कॅलिफोर्नियात रहिवास सिद्ध करता येतो. सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस इथे राहिलेलं असणं आणि इथेच राहण्याचा इरादा कागदांवर दिसणं, हे त्यासाठी लागतं. तुमची तीन वर्षं झाली आहेत. ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचा टॅक्स रिटर्न, घरभाड्याचा करार, व्हिसाची कागदपत्रं, सगळं एका फाइलमध्ये घालून ॲडमिशन ऑफिसला जा. ऑनलाइन अर्जात संगणकाने तुम्हाला 'नॉन-रेसिडेंट' ठरवलं तर रडत बसू नका, खिडकीवर जाऊन दुरुस्त करून घ्या. सरकारी खिडकीशी कसं बोलायचं हे पतसंस्थेत ७ वर्षं काढलेल्या बाईला मी काय शिकवणार.

शिकायला ईएडी लागत नाही, हेही लक्षात असू द्या. एच-४ वर पूर्णवेळ शिकता येतं. म्हणजे ही तीन वर्षं तुम्ही शिकू शकत होतात. झालं ते झालं. पण पत्र वाचणाऱ्या ज्या बाकीच्या एच-४ वाल्या ईएडीची वाट बघत घरी बसल्या आहेत, त्यांनी तरी हे वाक्य फ्रिजवर लावावं. पेल ग्रँट, म्हणजे शिकायला मिळणारी सरकारी मदत, मात्र एच-४ ला मिळत नाही, तिच्या फॉर्मच्या नादी लागू नका.

आता कॉलेजचं वेळापत्रक उघडलंत की तीन प्रकारचे वर्ग दिसतील आणि तिथेच गल्लत होते. एक क्रेडिटचे वर्ग. हे खरे, युनिट देणारे, पदवीला धरले जाणारे. दुसरे नॉन-क्रेडिट, यांना कॅलिफोर्नियात फी नसते. इंग्रजीचे, कामाच्या तयारीचे असे काही असतात आणि चांगले असतात. तिसरे 'कम्युनिटी एज्युकेशन' नावाखाली येणारे पैसे भरून करायचे छोटे कोर्स. त्यात मातीची भांडीही असतात आणि हजारो डॉलरचं ऑनलाइन 'करिअर सर्टिफिकेट'ही असतं, जे पुष्कळदा बाहेरच्या कंपनीचं असतं आणि कॉलेजचं फक्त नाव वर असतं. मातीची भांडी खुशाल करा. त्या 'करिअर सर्टिफिकेट'ला हात लावण्याआधी समुपदेशकांना विचारा, याची युनिटं मिळतात का? 'नाही' आलं तर निघा.

आणि आता माझा तुमच्याशी खरा वाद. तुम्ही टेस्टिंग की कॉलेज असं विचारलंत, पण कॉलेजात जाऊन काय शिकणार हे पत्रात कुठेच नाही. मला भीती आहे की तिथे जाऊनही तुम्ही कुणाचं तरी ऐकून पायथॉनच्या वर्गात बसाल. बाई, तुम्हाला नावे-जमा येतं! रोजकीर्द लिहिलीत, खतावणी केलीत, तेरीज जुळेना म्हणून रात्री आठपर्यंत बसून बावीस रुपयांचा फरक शोधला असेल. हे ज्याला येतं त्याला अकाउंटिंगचा पहिला वर्ग म्हणजे माहेरची वाट आहे, फक्त पाट्या इंग्रजीत लावल्यात.

अर्थात वाट तीच असली तरी वाहतूक उजवीकडून आहे. माझ्या पहिल्या परीक्षेत मी ताळेबंद मांडला, आपल्या सवयीने डावीकडे देणी आणि उजवीकडे मालमत्ता. बेरीज अचूक. सरांनी पेपर परत देताना विचारलं, तुम्ही हा आरशात बघून लिहिलात का? इथे मालमत्ता आधी, देणी नंतर. आकड्यांत स्वल्पविराम लाखाला नाही, दर तीन घरांनी. वर्ष मार्चला नाही, बहुतेकांचं डिसेंबरला संपतं. जीएसटी विसरायचा, विक्रीकर राज्याचा. करासाठी पगाराचा फॉर्म डब्ल्यू-२, कंत्राटी कामाचा १०९९. टॅलीच्या जागी क्विकबुक्स. एवढ्या सवयी मोडायला एक-दोन सत्रं लागतात. पाया नव्याने घालावा लागत नाही, आणि या वयात ही फार मोठी बचत आहे.

म्हणून माझ्या डोक्यात तुमच्यासाठी असं आहे. डी अँझामध्ये सत्रं साधारण बारा आठवड्यांची असतात. सप्टेंबरच्या शेवटी सुरू होणाऱ्या सत्रात एकच वर्ग घ्या, अकाउंटिंगचा पहिला. एकच. तुम्ही हुशार आहात म्हणून तीन घ्याल, मग मुलगा आजारी पडेल आणि तिन्ही सुटतील. हे मी पाहिलंय. पहिल्या दिवशी गैरहजर राहू नका, जागा दुसऱ्याला देऊन टाकतात. वर्ग सोडायचाच असेल तर सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत सोडा, पैसे परत मिळतात आणि नोंदही राहत नाही. उशीर केलात तर गुणपत्रिकेवर 'डब्ल्यू', म्हणजे वर्ग सोडल्याचा शेरा, लागतो. वेळापत्रकात काही वर्गांपुढे पुस्तकाचा खर्च शून्य असल्याची खूण असते, तो वर्ग मिळाला तर बघा, कारण अकाउंटिंगची पुस्तकं फीपेक्षा महाग असू शकतात. बी.कॉम.च्या मार्कलिस्टचं मूल्यांकन करून घ्यायला धावू नका. प्रवेशाला ते लागत नाही, पुढे पदवी घ्यायची ठरलं तर बघू.

जानेवारीत दुसरा वर्ग आणि त्याबरोबर व्हिटा. इथल्या आयकर खात्याचा, म्हणजे आयआरएसचा, हा कार्यक्रम आहे. कमी उत्पन्नाच्या लोकांचे टॅक्स रिटर्न स्वयंसेवक फुकट भरून देतात. शिकवतात तेच, परीक्षा घेतात, मग टेबलावर बसवतात. नावं साधारण पानगळीत घेतात, तेव्हाच चौकशी करा. पगार शून्य. पण एप्रिलच्या मध्यापर्यंत तुम्ही कितीतरी खऱ्या माणसांचे खरे कागद हाताळलेले असतील, आणि समोर बसलेल्या मेक्सिकन आजीचं इंग्रजीही तुमच्यासारखंच अडखळत असेल. तुमच्या इंग्रजीवर याहून चांगला उपाय मला माहीत नाही. शिवाय रेझ्युमेवर लिहायला अनुभव मिळेल. खरा.

त्यापुढे कर या विषयात रस वाटला तर दोन दारं आहेत. दुसऱ्यांचे रिटर्न पैसे घेऊन भरायचे तर कॅलिफोर्नियात सीटेक या मंडळाकडे नोंदणी लागते, त्यासाठी ६० तासांचा मान्य कोर्स आणि ५,००० डॉलरचा बाँड. दुसरं दार मोठं आहे, एन्रोल्ड एजंट, म्हणजे आयआरएसचा परवाना असलेला कर-सल्लागार. आयआरएसचीच परीक्षा, तीन भाग, आणि तिला बसायला कुठलीही पदवी लागत नाही. आपल्या कितीतरी बी.कॉम. बायकांना हे ठाऊकच नसतं, त्या थेट सीपीएचं, म्हणजे इथल्या सीएचं, नाव काढतात आणि युनिटांचा हिशेब बघून गप्प बसतात.

नोकरी लगेच मिळेल का? नाही सांगता येत. सुरुवात बहुधा टॅक्स सीझनच्या तात्पुरत्या कामाने किंवा एखाद्या लहान दुकानाच्या, दवाखान्याच्या अर्धवेळ हिशेबाने होते, आणि तासाचा दर ऐकून तुमचे यजमान भुवया उंचावतील. उंचावू दे. सनीव्हेलमध्येच नोव्हावर्क्स हे सरकारी रोजगार केंद्र आहे, ईएडी असल्याने तुम्हाला तिथे जाता येईल. रेझ्युमे, मुलाखतीची तयारी असली मदत तिथे फुकट मिळते. ईएडीची तारीख मात्र स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. मुदत संपायच्या आधी १८० दिवसांपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. त्या पहिल्या आठवड्यातच करा, कारण कार्ड वेळेत आलं नाही तर मिळालेलं काम थांबवावं लागतं.

इंग्रजीसाठी मुलगा शाळेत असताना सकाळी अडल्ट स्कूल, म्हणजे मोठ्यांची शाळा. फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टचं तुमच्याच गावात आहे. तिथे चिनी आज्या, युक्रेनचे आजोबा, नुकत्याच आलेल्या इराणी डॉक्टरीणबाई, असा सगळा मेळा असतो. सगळेच अडखळणारे, त्यामुळे कुणी कुणाला हसत नाही.

अडल्ट स्कूल म्हटलं की मला माझी आजी आठवते, आणि तुम्ही साताऱ्याच्या म्हणून सांगतेच. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, मोठ्या माणसांना अक्षरओळख करून देण्याची. पुढे ती राज्यभर गेली. आजी तेव्हा तिशीतली, चार मुलांची आई. भाकऱ्या उरकून कंदिलाच्या वर्गाला जायची. आजोबांना काही ते पसंत नव्हतं, पण गावच बसलंय म्हटल्यावर बोलता येईना. तिला एसटीच्या पाटीवरचं पहिलं वाचता आलेलं नाव होतं 'वाई', कारण दोनच अक्षरं. त्यानंतर ती वाईच्या बाजाराला एकटी जायला लागली, आणि आजोबांना विचारायची ती फक्त पैसे किती देता एवढंच.

घरचं गणित. संध्याकाळचा वर्ग साडेसहाच्या आसपास असतो, आठवड्यातून एक किंवा दोन दिवस. त्या दिवशी जेवण कोण करणार हे सत्र सुरू होण्याआधी ठरवा, त्या दिवशी सहा वाजता नव्हे. मुलाचं पोहणं, मुलीचं काय असेल ते, सगळं यजमानांकडे. ते आमटी बिघडवतील. बिघडू दे, तुम्ही घरी नसाल.

राहिला काकूंचा प्रश्न. हो, दिसाल. मी दिसले. पहिल्या संध्याकाळी मी वीस मिनिटं आधी जाऊन पहिल्या बाकावर बसले, समोर वही, पेन, पाण्याची बाटली. चष्मा नाकावर. एक उंच मुलगा धापा टाकत आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि अगदी अजिजीने म्हणाला, प्रोफेसर, मी वेटलिस्टवर आहे, मला घ्याल का? मी म्हटलं, बस बाबा, मलाच अजून घेतलेलं नाही. तो शेजारी बसला. पुढचे बारा आठवडे त्याने मला कॅनव्हास या कॉलेजच्या वेबसाइटवर गृहपाठ कसा चढवायचा ते शिकवलं आणि मी त्याला बँकेचा मेळ कसा घालायचा ते. शेवटपर्यंत तो मला प्रोफेसरच म्हणत होता.

तुमची,
ताई